साडीने कॅन्सर होतो? नाडीखालच्या रेघेची गोष्ट

नोव्हेंबर २०२४मध्ये ‘साडीने कॅन्सर होतो’ ही बातमी फिरत होती, तेव्हा मावशीने मला ती एकाच सकाळी तीनदा पाठवली. तिसऱ्यांदा पाठवल्यावर फोनच आला. "पन्नास वर्षं साडी नेसतेय मी. आता काय गाऊनवर लग्नाला जाऊ?" मी हसले. मग तिने आवाज खाली आणला. "अगं, पण माझ्या कमरेला नाडीची काळी रेघ आहे. मधूनमधून खाजतेही. तेच असेल का गं?"

ते नव्हतं. पण हा प्रश्न त्या आठवड्यात किती घरांत विचारला गेला असेल, आणि किती घरांत मनातच राहिला असेल! कमरेवरचं काही दाखवायचं म्हणजे परकर सैल करावा लागतो, आणि तिथेच अर्ध्या बायकांचं डॉक्टरकडे जाणं थांबतं. म्हणून त्या रेघेपासूनच सुरुवात करू.

बातमीत नेमकं काय होतं

वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांच्या हकिगती छापल्या. एक सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्षापासून एक जखम भरत नव्हती. साडीखालचा परकर ती रोज घट्ट बांधायची. दुसरी साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं लुगडं नेसणारी. लुगड्याखाली परकर नसतो, कमरेला काष्ट्याची गाठच करकचून आवळलेली असते. तिची जखम दोन वर्षं तशीच होती आणि कॅन्सर जांघेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत, म्हणजे शरीराच्या बचावाच्या गाठींपर्यंत, पोचला होता.

केस रिपोर्ट म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली एक-दोन रुग्णांची हकिगत. ‘असं घडू शकतं, लक्ष ठेवा’ एवढंच ती सांगते. किती बायकांमागे एकीला हे होतं, हे तिच्यातून कळत नाही. बातमी तीन फोनमधून फिरेपर्यंत ‘घडू शकतं’चं ‘घडतं’ होतं, आणि तिथून पुढे गाऊन.

डॉक्टरांनीही दोष साडीला दिला नव्हता. या आजाराला ‘साडी कॅन्सर’ म्हणण्यापेक्षा ‘परकर कॅन्सर’ म्हणणं योग्य, असं त्यांचं म्हणणं, कारण जाच होतो तो नाडीचा. आणि पुरुषांनी हसू नये. १९४५मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलातल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी आपल्या लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर एक निबंध लिहिला. त्यात ‘धोतर कॅन्सर’ होता. वस्त्र वेगळं, पण जागा तीच आणि जाचही तोच.

दोरीने कॅन्सर होतो तरी कसा

आपली त्वचा कांद्यासारखी आहे. सगळ्यात बाहेरचा पापुद्रा वाळलेला, मेलेला. आतून नवा थर तयार होत राहतो आणि वर सरकत जातो. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. अंघोळीत घासताना निघणारा मळ म्हणजे बऱ्याच अंशी ह्या मेलेल्या पेशीच.

आता रोज बारा-चौदा तास एकाच बोटभर पट्ट्यावर दोरी घासते आहे. वर घाम, खाली वळी. त्वचा सोलवटते, तिथे नव्या पेशी कराव्या लागतात. पुन्हा सोलवटते, पुन्हा कराव्या लागतात. नवी पेशी होते म्हणजे जुन्या पेशीची नक्कल होते. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून काढत, तसंच हे. एक नक्कल काढताना एखादा काना सुटतो, तो तपासणाऱ्याच्या नजरेत येतो आणि दुरुस्त होतो. पण तीच पोथी घाईघाईने हजारदा उतरवली, तर एखादी चूक तशीच पुढे जाते. पुढच्या नकलेत ती असतेच, वर आणखी एक येते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. क्वचित एखादी अशी निघते की पेशीला ‘आता थांब’ हा हुकूमच ऐकू येईनासा होतो. कॅन्सर म्हणतात तो हाच.

जुन्या, न भरणाऱ्या जखमेत किंवा व्रणात असा कॅन्सर होतो, त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मार्जोलिन हे फ्रेंच शल्यविशारद, त्यांनी १८२८मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं. आपल्याकडे तो सगळ्यात जास्त दिसतो भाजल्याच्या जुन्या डागात. स्टोव्हच्या भडक्याने लहानपणी पाय भाजलेला असतो आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्याच डागावर जखम फुटते. काश्मीरमध्ये फिरन या पायघोळ अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात, तिच्या उबेने पोटामांड्यांवर होणारा कॅन्सर तर एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत आहे.

मग कोट्यवधी बायकांना का होत नाही

रास्त शंका. कारण एवढ्या सगळ्या चुका एकाच पेशीत साठायला फार वर्षं लागतात, आणि बहुतेक बायकांच्या कमरेवर काळी रेघ येते, जखम नव्हे. रेघ म्हणजे त्वचेने स्वतःला जाड आणि काळं करून घेतलेलं असतं, जसा विळी धरणाऱ्या बोटाला घट्टा पडतो. धोका सुरू होतो तो त्या रेघेत भेग पडून ती भरेनाशी झाल्यावर. अशा नोंदी झालेल्या केसेस मोजक्याच आहेत.

शिवाय आपली सावळी त्वचा. मेलॅनिन म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. त्याचे कण पेशीच्या केंद्रावर अक्षरशः छत्री धरतात आणि उन्हातले घातक किरण अडवतात. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांचं प्रमाण मोठं आणि ऊन कडक. तिथे सत्तरीपर्यंत साधारण तिघांतल्या दोघांना कोणता ना कोणता त्वचेचा कॅन्सर झालेला असतो. आपल्याकडे तो कमी, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळे तो कोणाच्या ध्यानीमनीही नसतो, अगदी डॉक्टरांच्यासुद्धा. आणि आपल्याला होतो तो बऱ्याचदा उन्हाच्या जागी होत नाही. भाजलेल्या डागात होतो, कमरेवर होतो, तळपायावर होतो. छत्री तिथे काय करणार? ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंग नाही, त्यांना मात्र आपल्याकडेही उन्हाची पक्की भीती आहे. त्यांनी पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन यांत हयगय करू नये.

त्या रेघेत बहुतेक वेळा काय असतं

नुसती काळी, खरखरीत, न दुखणारी रेघ असेल तर घासणं कमी करायचं. परकराच्या नेफ्यात गोल दोरी घातलेली असते, तिच्याऐवजी बोटभर रुंदीची पट्टीची नाडी घालावी. गाठ रोज त्याच कुशीवर येऊ देऊ नये. बांधल्यावर आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. रात्री सैल. आणि नाडी धुवावी! परकर रोज पिळला जातो, पण नेफ्यातली नाडी पावसाळ्यात आठ-आठ दिवस आतून ओलसरच असते.

रेघेच्या आसपास लाल, पाणी सुटणारं, खाजरं झालं असेल तर ती ॲलर्जी असू शकते, नाडीच्या रंगाची, इलॅस्टिकमधल्या रबराची, नाहीतर निऱ्यांना लावलेल्या पिनेतल्या निकेलची. जीन्सच्या बटणाखाली, बेंबीच्या जरा खाली ज्या मुलांना इसब होतं, त्याचं कारणही बहुधा हेच निकेल. (कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, तो टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने. टिकली बदलून भागत नाही, सोडावी लागते.)

पण सध्या कमरेवर सगळ्यात जास्त काय दिसत असेल, तर नायटा. त्याच्यावर जरा थांबायला हवं, कारण आपण सगळ्यांनी मिळून त्याची वाट लावली आहे.

नायटा आणि खाजेची ट्यूब

नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशी. ती त्वचेच्या त्या मेलेल्या पापुद्र्यावर जगते. उन्हाळ्यात रात्री सह्याद्रीच्या डोंगरावर वणव्याची माळ दिसते ना? मधलं जळून शांत झालेलं, कड पेटती आणि पुढे सरकणारी. नायट्याचं चकंदळ तसंच. मधे त्वचा बरी दिसते, कड लाल, खवल्यांची, आणि ती रोज जराजरा बाहेर सरकते.

पूर्वी हा दोन-तीन आठवड्यांत जायचा. आता महिनोन्‌महिने जात नाही. दोष पुष्कळसा त्या ट्यूबचा आहे. आपण मेडिकलवाल्याला ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. तो जी देतो तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत चार-पाच औषधं असतात. बुरशीचं एक, जंतूंचं एक-दोन, आणि बऱ्याचदा क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड आहे, त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल. बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्याची भावंडं.

स्टेरॉइड काय करतं? खाज आणि लाली हे बुरशीचं काम नव्हे, ते आपल्या शरीराचं बुरशीवर ओरडणं आहे. स्टेरॉइड ते ओरडणं बंद करतं. चोर आल्यावर कुत्रं भुंकतंय, म्हणून त्याला दूध-भाकरी घालून गप्प करायचं, आणि चोराला घर मोकळं. दोन दिवसांत खाज गेली, ट्यूब झकास! मग लावणं थांबवलं की दसपट उसळी. पुन्हा ट्यूब. एका चकंदळात दुसरं, त्यात तिसरं, पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं दिसू लागली की समजावं, इथे स्टेरॉइड जिरलंय. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९६८मध्येच अशा वेषांतर केलेल्या नायट्याला ‘इन्कॉग्निटो’ नाव दिलं होतं. आपण ते वेषांतर घरोघरी पोचवलं. जांघेत ही ट्यूब महिनोन्‌महिने लावणाऱ्यांच्या त्वचेला भेगांसारखे पांढरट पट्टे पडतात. ते आयुष्यभर जात नाहीत.

स्टेरॉइडला खलनायक करायचं कारण नाही. १९५२मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचं मलम आलं आणि इसबाने रात्र-रात्र खाजवणाऱ्या माणसांना झोप लागायला लागली. सोरायसिस, इसब यांत आजही ते लागतंच, पण किती जोराचं, कुठे आणि किती दिवस, हे सांगणारं कोणीतरी हवं. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठी मागतात का, ते तुम्हीच बघा.

वर आणखी एक भानगड. ही बुरशीच बदलली आहे. टर्बिनाफिन हे तिच्यावरचं हमखास औषध, त्याला ती दाद देईनाशी झाली. २०२०मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिला वेगळी जात म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात ‘इंडो’ आहे, कारण तिचा उगम आपल्याच बाजूचा. २०२३मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये पोचल्याची नोंद झाली. अशीही निर्यात.

उपाय आहे, पण त्याला चिकाटी लागते. मलम चकंदळाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, कारण वणवा पुढे आहे. त्वचा साफ दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. बऱ्याच जणांना गोळ्याही लागतात, आणि त्यातली काही औषधं इतर गोळ्यांशी भांडतात, म्हणून डॉक्टरला बीपी-शुगरच्या गोळ्या दाखवायच्या. आतले कपडे आणि टॉवेल प्रत्येकाचे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात. शिवणीवर इस्त्री. आणि घरात ज्याला ज्याला खाज असेल त्या सगळ्यांनी एकदमच औषध घ्यायचं. नाहीतर नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून मुलाला, मुलाकडून परत. खरजेचंही हेच. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आणणारी खाज असेल, तर घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत औषध लावायचं, खाज नसलेल्यानेसुद्धा. त्यातले किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. औषध लागू पडलं नाही, असं समजून घाबरू नये.

जे खाजत नाही, ते दाखवा

आता मूळ मुद्दा. नायटा, खरूज, इसब यांनी माणूस हैराण होतो, पण दगावत नाही. आणि यांच्यासाठी आपण रात्री अकरा वाजता मेडिकल उघडायला लावतो. ज्याची काळजी करायला हवी ते बहुतेक वेळा खाजत नाही, निदान सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून ते दोन वर्षं राहतं.

त्वचेला तीन मुख्य कॅन्सर होतात. एक, नाकाजवळ किंवा डोळ्याखाली येणारी चकचकीत, मोत्यासारख्या कडेची गाठ. आपल्याकडे ती बरेचदा काळी असते, म्हणून तीळ समजला जातो. मधे खपली धरते, निघते, पुन्हा धरते. हा हळूहळू वाढतो, दूर क्वचितच जातो, पण जागच्या जागी पोखरत राहतो. दुसरा नाडीखालच्या रेघेतला. न भरणारी जखम, कड उचललेली आणि कडक, हात लावला की रक्त, पुढे वास. हा त्या बचावाच्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. तिसरा मेलॅनोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा. तिघांत सगळ्यात वाईट. आपल्याकडे तो बहुतेकदा तळपायावर किंवा नखाखाली येतो. तळपायावरचा काळा डाग वाढतोय, कड वेडीवाकडी आहे, एका डागात दोन-तीन रंग आहेत, तर तो काटा रुतल्याचा डाग समजून सोडू नका. नखात काळी उभी रेघ अनेक सावळ्या माणसांना असते, दहांतल्या पाच नखांना असेल तर बहुधा काही नाही. एकाच नखाला असेल, रुंद होत असेल आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

खाजत नाही असा आणखी एक डाग म्हणजे कुष्ठरोगाचा. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही. २००५ अखेर देशाने ‘निर्मूलन’ जाहीर केलं, त्याचा अर्थ फक्त दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असा होता. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याकडे सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांचं. लवकर घेतलं तर बोट वाकडं होण्याआधीच विषय संपतो.

ढोबळ नियम हवाच असेल तर चार आठवडे. त्वचेचा एक फेरा चार आठवड्यांत पुरा होतो. कोणतीही साधी जखम तेवढ्यात भरायला हवी. नाही भरली, तर हळद, तूप, कोरफड, ट्यूब, सगळं बंद आणि डॉक्टर सुरू. हळदीला माझा विरोध नाही, पण तिने जखम पिवळी होते आणि डॉक्टरला कड दिसत नाही.

तुकडा काढला की पसरतो ना?

ही भीती मी शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकली आहे. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून पेनातल्या रिफिलएवढ्या जाडीचा तुकडा काढणं. त्यानेच कळतं की हा कॅन्सर आहे का, आणि असेल तर कडेपासून किती दूरपर्यंत कापायचं. त्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत काढलेल्या महिन्यांत. लोकांनी तुकडा काढल्यानंतर रोगी खचताना पाहिलेला असतो, कारण तो मुळात आलेलाच उशिरा असतो. वेळेत सापडला तर यातले बहुतेक कॅन्सर एका शस्त्रक्रियेत निघतात, केमोचं नावही येत नाही.

तर, मावशी

मी तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं, म्हणाल्या, कातडी मऊ आहे, कुठे उघडी नाही. मग रेघेच्या वरच्या लाल कडेचे खवले बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडले, त्यावर पोटॅशचे थेंब टाकले आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवलं. पेशींच्या फरशीवरून फांद्या फुटलेले बारीक धागे गेलेले. नायटा. मावशीच्या पिशवीतून अर्धी पिळलेली ट्यूब निघाली, तिच्यावर क्लोबेटासोल होतंच.

"घरात आणखी कुणाला खाज?" बाईंनी विचारलं. मावशी म्हणाली, छे. बाहेर बाकावर काका शर्टाच्या आत हात घालून कंबर खाजवत बसले होते. त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, "मला कशाला? मी कधी साडी नेसलो?" शर्ट वर केला. जत्रेतून आणलेला काळा करदोटा, घामाने कडक झालेला, आणि त्याच्या खालून दोन्ही कुशींपर्यंत वणवा.

करदोटा कापायचा नाही यावर काका अडून बसले. शेवटी तो सोडून, उकळत्या पाण्यात धुऊन, नायटा जाईपर्यंत देवघरातल्या डबीत ठेवायचा असं ठरलं.